सहावा बार

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज लॅपटॉप फोडणार होतो. हातोडा उचललाही होता, पण वेस्नाने दिलेला आहे म्हणून परत ठेवला. ख्रिसमसला पोरगी ॲडलेडहून आली तेव्हा स्वतःचा जुना इथे सोडून गेली. म्हणाली, "बाबा, एकटे बसता, यावर आपल्या जुन्या देशातले फुटबॉलचे सामने बघत जा." सामना लावला की पाच मिनिटांत त्याचं बूड तापतं, मांडीला चटका बसतो आणि चित्र जातं. नेमकं गोल व्हायच्या वेळी.

खाणीतला भागीदार पान्तेलिस शेजारी बसला होता. "ब्लाझ, विमान उडतंय का रे तुझ्या मांडीवर?" असं कोकलला. म्हणे आतला पंखा बोंबलतोय. मला तर काही आवाज आला नाही. तसं सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसला. हा अलीकडे सतत ओरडूनच बोलतो. एका कोचावर बसलेल्या माणसाशी ओरडायचं काय कारण? तिकडे वेस्ना फोनवर पुटपुटते. लोकांना मधल्या आवाजात बोलणं जमेनासंच झालंय.

पडदा काळा झाला तसा पान्तेलिसने लॅपटॉपला पंजा दाखवला. पाचही बोटं फाकून, तळवा पुढे, तोंडावर फेकल्यासारखा. ग्रीकांत यापेक्षा घाण शिवी नाही. तो रेफरीला दाखवतो, माश्यांना दाखवतो, सरकारला तर रोज दाखवतो. दुकानात पाच बाटल्या मागायच्या असल्या की मात्र तळवा स्वतःकडे वळवतो, समोरच्याचा अपमान नको म्हणून. हाताने बोलायची सवय त्याला घरातलीच. बाप कालिम्नोस बेटावर समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढायचा, पाण्याच्या दाबाने त्याचे कान गेले, मग सगळं घर हातवारे करत जगलं.

एकोणीस वर्षं आम्ही एका खाणीत आहोत. मला त्याने कधी पंजा दाखवलेला नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वर सेहेचाळीस अंश, खाली बोगद्यात गार. चौदा महिने नुसती माती उपसल्यावर आज पूर्वेच्या टोकाला भिंतीत ओपल रत्नाचा रंग दिसला. अंगठ्याएवढी रेघ, हिरवी आणि आत तांबडी. पान्तेलिसने भिंतीचा मुका घेतला. मी त्याच्या ढुंगणावर लाथ घातली. दोघे खूप हसलो. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिलं की हे लिहावंसं वाटणार नाही.

रेघेच्या वरचा दगड उडवायला सुरुंगाचे सहा बार भरले. वाती पेटवणं आणि मोजणं माझं काम, पहिल्या दिवसापासून. शिडीने वर आलो आणि मोजायला लागलो. इथे कायदा एकच: जितके भरले तितके उडालेले मोजायचे. एक कमी पडला तर तो भिंतीत जिवंत बसून असतो आणि दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ मारणाऱ्याला घेऊन जातो. मी मोजले. सहा. शेवटचे दोन एकात एक गेले, पण पायांना कळले.

"सहा," मी म्हणालो.

पान्तेलिस विवराच्या पलीकडे पंधरा पावलांवर उभा होता, उन्हाकडे पाठ, हातात चामड्याचा हातमोजा चढवलेला. त्याने हात वर केला आणि मला पंजा दाखवला. पाचही बोटं. सरळ माझ्या तोंडावर.

त्याच्या आईपासून पणजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला मी. दगड उचलून मारला, तो त्याच्या टोपीची कड फाडून गेला. तो काहीतरी बोलत पुढे यायला लागला तसं मी फावडं घेतलं. म्हटलं, "आणखी एक पाऊल टाक, डोकं उघडून दाखवतो." तो थांबला. मी गाडीत बसलो आणि त्याला तिथेच उन्हात सोडून आलो. आठ मैल चालत ये म्हणावं.

रंग सापडला त्याच दिवशी. त्याच दिवशी का?

शनिवार, ८ फेब्रुवारी

कुणीतरी आपल्या खाणीत शिरलंय.

सकाळी खाली उतरलो तर रेघेच्या वरची भिंत खरवडलेली आणि ओली. मी पाणी नेलं नव्हतं. दुसऱ्याच्या भिंतीतला ओपल ओरबाडून नेणाऱ्या जातीला या गावात उंदीर म्हणतात, आणि उंदरांचं इथे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नवीन होतो तेव्हा एकाचा ट्रक रस्त्यावरून आकाशात गेलेला पाहिलाय. तो आत नव्हता, हे त्याचं नशीब. माझ्या हातात कुणी सापडला तर ट्रकवर थांबणार नाही. आधी त्याचे हात मोडीन, मग त्याला विवरात उलटा टांगून माश्यांना देईन.

पान्तेलिस आता स्वतःची गाडी घेऊन येतो. त्याला भिंत दाखवली. "माती सुटली असेल रे," असं जमिनीकडे बघत म्हणाला. मी विचारलं, आणि ओल? खांदे उडवले त्याने. एकोणीस वर्षांत त्याने माझ्याकडे न बघता दिलेलं हे पहिलं उत्तर.

कांगारूंवर पाळत ठेवायचा कॅमेरा उसना आणलाय. समोर काही हललं की आपोआप व्हिडिओ घेतो. पूर्वेच्या टोकाला लाकडाच्या टेकूमागे लपवला. पान्तेलिसला सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मलाच धड सांगता येत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पुन्हा सहा बार भरले, त्याच जुन्या पेटीतल्या वाती. सहा उडाले. पान्तेलिस या वेळी काहीच बोलला नाही, हातही खिशात. नंतर म्हणाला, "तू हो पुढे, मी पाइप गुंडाळून येतो." बरं वागतोय म्हणून मीही बरा वागलो. त्याला माझी पाण्याची बाटली देऊन आलो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तोच आहे.

पहाटे एकटा जाऊन कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणलं. बावीस मिनिटांचा व्हिडिओ. पलंगावर मेंढीचं कातडं अंथरलंय, त्यावर लॅपटॉप ठेवून लावला. तीन मिनिटं रिकामी भिंत आणि धूर. मग शिडीवरून पाय. मग पाठ. मग टोपी. कड फाटलेली, माझ्याच दगडाने फाटलेली. तो भिंतीशी गुडघ्यांवर बसला, कानाशी हात नेला, जरा थांबला. मग काठीने भिंत खरवडायला लागला. चौथ्या मिनिटाला लॅपटॉप बंद.

गार होऊ दिला, पुन्हा लावला. चौथ्या मिनिटाला बंद. पुन्हा. तिसऱ्यालाच बंद. बूड इतकं तापलं की कातड्याची लोकर करपल्याचा वास आला. मी उशीवर बुक्क्या मारल्या, मग भिंतीवर. उजव्या हाताची साल निघालीय, म्हणून हे अक्षर असं.

पुढच्या अठरा मिनिटांत काय आहे? किती नेलं त्याने? एकोणीस वर्षांत किती नेलं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आत धूळ बसली असणार हे मलाही कळतं. या गावात धूळ माणसाच्या फुप्फुसात बसते, लॅपटॉपचं काय घेऊन बसलात. खाणीतली ड्रिल साफ करतो तसाच साफ करू म्हटलं. कॉम्प्रेसर चालू केला, नळी लॅपटॉपच्या जाळीला लावली आणि सगळा दाब सोडला. दुसऱ्या बाजूने पिठासारखा पांढरा लोट निघाला. आतला पंखा गरगरून नुसती चकती दिसायला लागला. समाधान वाटलं.

मग लावला तर दोन मिनिटांत बंद. आधी चार तरी चालायचा.

शेजारचा डस्टी दारात येऊन कानांत बोटं घालून उभा. "अरे म्हाताऱ्या, मांजर घातलंस का यंत्रात? आमच्या घरात ऐकू येतंय." मी म्हटलं, कसला आवाज, नीघ इथून. मला लॅपटॉपचं काही ऐकायचं नाही, मला बघायचंय.

शेवटी शीतपेटीतलं गोठलेलं मांस काढलं, पिशवीत गुंडाळून ताटात ठेवलं आणि लॅपटॉप त्यावर ठेवला. सहा मिनिटं चालला. पान्तेलिसने भिंतीतून काहीतरी ओढून काढलं, वीतभर लांब, दोन्ही हातांनी, बाळ धरावं इतकं जपून. ते फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवलं. चित्र गेलं.

एवढं पुरे आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी खोटं सांगायला नको, मीसुद्धा.

सकाळी तो विवराशी चहा ओतत होता. माझ्यासाठीही ओतला होता. मी कुदळीचा दांडा घेऊन गेलो. विचारलं, "झोळीत काय नेलंस?" त्याचा चेहरा पडला. चोराचा पडतो तसा, असं तेव्हा वाटलं. तो बोलायला लागला. ओठ हलत होते, मला शब्द लागत नव्हते, डोक्यात रक्त उसळत होतं. "मोठ्याने बोल," मी म्हणालो. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि उजवा हात वर केला. पुन्हा तीच पाच बोटं, माझ्या तोंडासमोर.

पहिला फटका त्या हातावरच मारला. दुसरा जबड्यावर. हाड मोडलं त्याचा आवाज आला नाही, दांड्यातून हातात कळलं. तो पडला तरी मी थांबलो नाही. बरगड्यांत लाथा घातल्या, तीन की चार. तो पोटाशी पाय घेऊन पडला, तोंडातून रक्त आणि एक दात. एकदाही हात उगारला नाही त्याने. मला वाटलं, अपराधी आहे म्हणून मार खातोय.

मग मी त्यालाच उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. हे का केलं ते माहीत नाही. वाटेत तो सारखा काही बोलू बघत होता. मी रस्त्याकडे बघत होतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पान्तेलिसला विमानाने ॲडलेडला हलवलं. जबडा दोन ठिकाणी, दोन बोटं, एक बरगडी.

पोलीस आला होता. पान्तेलिसने कागदावर लिहून दिलंय की तो शिडीवरून पडला. पोलीस माझ्या सालपटलेल्या हाताकडे बघून म्हणाला, "तुम्हीपण त्याच शिडीवरून पडलात वाटतं." मी म्हटलं, हो.

दारूच्या गुत्त्यात लोक मला पाजतायत. डस्टीने पाठ थोपटली. "उंदीर तो उंदीर. मी असतो तर पुरलाच असता." मी हसलो. पेला तसाच ठेवून घरी आलो. चोराने माझ्यावर तक्रार का केली नाही? भीती असेल. भीतीच असणार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रविवारी खाणवाल्यांची बैठक आहे. पान्तेलिसला या खाणपट्ट्यात पुन्हा पाय ठेवू द्यायचा नाही असा ठराव आणायचा म्हणतात. सगळ्यांसमोर पूर्ण व्हिडिओ दाखवायला हवा. म्हणून लॅपटॉप लूझकडे टाकला. तिचा नवरा धोबीखाना चालवतो, मागच्या खोलीत ती यंत्रं दुरुस्त करते. फिलिपिन्सची आहे, थट्टा केल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

तिने मागचं झाकण उघडलं आणि नवऱ्याला हाक मारून दाखवलं. जाळीपाशी धुळीचा जाडजूड थर, वर मेंढीची लोकर. "काका, याला थंडी वाजत होती का? गोधडी शिवून दिलीत." मग पंखा बोटाने फिरवला, तो वेडावाकडा अडखळला. "आणि हे कुणी केलं?"

कॉम्प्रेसरचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "अहो, एवढ्या दाबाने पंखा फिरवला की त्याचा कणा मोडतो. आधी पंखा धरून ठेवायचा, मग हळू फुंकायचं. गळा दाबून कुणाचा खोकला बरा होतो का?"

व्हिडिओ लावला की यंत्राला जास्त काम पडतं, जास्त तापतं, पंखा जोरात फिरतो. वारा निघायला वाट नसली की जळण्यापेक्षा ते स्वतःहून बंद पडतं. "शहाणं आहे," ती म्हणाली. "तापलं की थांबतं." हे ती माझ्या हाताकडे बघून बोलली. गावाला सगळं माहीत आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हे उद्या लिहू म्हटलं तर उद्या लिहिणार नाही.

लूझने एका मेलेल्या लॅपटॉपातला पंखा बसवला. आतला उष्णता बाहेर काढणारा मलम वाळून खडू झाला होता, तो खरवडून नवा लावला. लाकडी टेबलावर दोन ठोकळे ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला, खालून वारा जायला. मग व्हिडिओ लावला. मी म्हणालो, "पंखा बंदच आहे की." ती म्हणाली, "चालू आहे, काका." माझा हात धरून तिने जाळीपाशी नेला. बोटांना वारा लागला.

चौथं मिनिट गेलं. सहावं गेलं. पान्तेलिसने झोळी भिंतीपासून दूर ठेवली. परत येऊन गुडघे टेकले आणि बाटलीतलं पाणी भिंतीतल्या एका भोकात ओतलं. माझी बाटली, मी दिलेली. मग भिंतीवरच्या भोकांना एकेक करून बोट लावलं. हिरव्या-तांबड्या रेघेकडे त्याने बघितलंही नाही. ती बावीस मिनिटं जागेवर होती आणि आजही आहे. मी नंतर जाऊन पाहिली.

झोळीत बार होता. न उडालेला. पाणी होतं ते भोकात राहिलेली स्फोटक दारू भिजवायला.

मी म्हणालो, "सहा मोजले होते मी." मोठ्याने म्हणालो असेन, कारण लूझचा नवरा डोकावला. ती म्हणाली, "काका, तो बोलतोय." मी म्हटलं, या कॅमेऱ्याला आवाज नाही. "आहे," ती म्हणाली. कळ दाबून आवाज पूर्ण वाढवला. नवऱ्याने धोबीखान्यातून कानांवर हात ठेवले ते मी पाहिलं. माझ्यापर्यंत काहीतरी आलं, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं. शब्द नाही.

मग ती माझ्या डाव्या कानाशी आली आणि तो बोलतोय ते एकेक वाक्य ओरडून सांगितलं.

"पाच, गाढवा. याही वेळेला पाचच उडाले."

"सांगायला गेलो तर दगड मारतोस."

"बाबाचंही असंच होतं. मेला तरी कबूल केलं नाही."

"आणि सोडून जावं तर हा एकटा उतरणार, पहिलीच कुदळ मारणार, आणि मी तुझ्या पोरीला काय सांगू?"

शेवटचं वाक्य सांगून लूझने व्हिडिओ थांबवला. मी तिला परत सांगायला लावलं नाही.

पहिली कुदळ नेहमी मीच मारतो. दोन वेळा मारली असती. दोन वेळा तो आधी उतरला, एकटा, जिवंत बार हातात घेऊन. आणि वर उन्हात त्याने मला पाच बोटं दाखवली होती. उन्हाकडे पाठ होती, हातात मोजा होता. तळवा कुणीकडे होता ते मी पाहिलंच नव्हतं. चहा ओतताना मात्र तो तीन फुटांवर होता, मोजा नव्हता, आणि मी दांडा उगारला तेव्हा मला त्याची नखं दिसत होती. नखं दिसत होती म्हणजे तळवा त्याच्याकडे होता. एकोणीस वर्षं बाटल्या मागताना बघितलेला हात.

लूझ पैसे घेईना. मी नोट टेबलावर ठेवून आलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

बैठकीत व्हिडिओ दाखवला, बावीस मिनिटं. लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. मी उभा राहून सांगितलं की उंदीर कुणी नव्हता, मी बहिरा आहे, आणि सहा नव्हते. कुणी माझ्याकडे बघेना. डस्टीने माझा दांडा मागून घेतला आणि बाहेर नेऊन जाळला. बार मोजायचा माझा हक्क त्यांनी काढून घेतला, आणि मीही त्या ठरावाला हात वर केला.

शनिवार, ८ मार्च

पान्तेलिस परत आलाय. टेकडीत कोरलेल्या त्याच्या घराच्या दाराशी सकाळी गेलो. काय न्यावं कळेना, म्हणून लॅपटॉपच काखेत मारून नेला. खिळे ठोकायला लागतं तेवढं बळ मला दार वाजवायला लागलं.

त्याने दार उघडलं. तोंड अजून पिवळं-जांभळं, दात तारेने बांधलेले. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत ताठ. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. "सहा नव्हते," एवढंच म्हणालो.

तो काहीतरी बोलला. ओठ जेमतेम हलले. माझ्यासाठी वर्षानुवर्षं ओरडत आलेला गळा मीच बंद केला होता. एरवी मी मान डोलावली असती किंवा त्याच्या अंगावर गेलो असतो. किती वर्षं मी ही दोनच कामं करत होतो, देव जाणे.

"मला ऐकू आलं नाही, पान्तेलिस," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

त्याने उजवा हात वर केला. मोडलेली दोन बोटं मिटता येत नाहीत, त्यामुळे पाचही उघडी होती. तळवा स्वतःकडे. मी मोजली आणि म्हणालो, "पाच."

त्याने होकाराची मान हलवली. मग तोच हात सावकाश वळवला, तळवा माझ्या तोंडासमोर आणला आणि तसाच धरून ठेवला. मी हललो नाही. त्याचा हात जड होऊन झुकायला लागला तेव्हा त्याने तो खाली घेतला आणि मला आत येता यावं म्हणून दारातून बाजूला झाला.